गाठीशी गाठ

लहान मुलाच्या मानेला गाठ हाताला लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, काही नाही, होईल बरं. दुसरा पक्ष तोवर मनातल्या मनात परळच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत जाऊन आलेला असतो. गंमत अशी की बहुतेक वेळा पहिला पक्षच बरोबर ठरतो. पण तो बरोबर ठरतो ते निव्वळ नशिबानं, कारण त्यानेही मुलाकडे नीट बघितलेलं नसतं.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात मुलं वाढवणाऱ्या कुठल्याही बाईने बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर जेवढे तास काढलेले असतात, तेवढ्यात एखादी पदविका मिळायला हरकत नव्हती. तिथे काय काय कानावर पडतं, शेजारणीच्या मांडीवरची फाईल उघडी असते, आणि मग घरी येऊन आपण वाचत बसतो. त्या ऐकण्या-वाचण्यातून माझं एक मत झालंय. आपल्याकडे मुलांच्या गाठींवर औषधं फार होतात आणि तपास कमी होतो. आणि ज्या सुजेसाठी खरंच उठून धावायला हवं, ती सूज बऱ्याचदा मानेवर नसतेच.

आधी शब्दांपासून सुरुवात करते, कारण आपल्या भाषेत या बाबतीत शब्दांची श्रीमंती आहे. अवधाण, गंडमाळ, गालगुंड, काखमांजरी, बद. यातला अवधाण हा शब्द आता ऐकू येईनासा झालाय. पायाला काटा रुतला, ठेच पिकली, गुडघ्यावर गळू झालं, की जांघेत एक दुखरी गाठ यायची. ते अवधाण. हाताला जखम असली तर काखेत. या शब्दाची खुबी अशी की तो आजाराचं नाव नाहीच, तो एक पत्ता आहे. "अगं, अवधाण आलंय त्याला, पाय बघ आधी," असं आजी म्हणायच्या. म्हणजे गाठ जांघेत आणि आजीबाईंची नजर तळव्यावर! जखम धुतली, पू निघाला, की अवधाण आपोआप बसायचं. लसिका ग्रंथींचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात होतं. (त्याच आजी गाठीवर बिब्बा घालायच्या आणि पोराच्या कातडीला फोड आणायच्या, हेही खरं. जुनं ते सगळंच सोनं असं माझं म्हणणं नाही.)

आता त्या जागी 'लिम्फ नोड' आला. त्याला पत्ता नाही. तो सोनोग्राफीच्या कागदावर येतो आणि एकदम आजारच वाटतो.

खरं तर या ग्रंथी सगळ्यांनाच असतात, अंगभर, शेकड्यांनी. मानेत, काखेत, जांघेत, पोटात आतड्यांच्या भोवती. शरीरात शिरलेले जंतू तिथे अडवले जातात, आणि ते काम चालू असताना ग्रंथी फुगते. मोठ्या माणसाने बरेचसे जंतू आधी पाहिलेले असतात. मुलाला प्रत्येक जंतू नवा. बालवाडी सुरू झाली की वर्षाला सहा-आठ सर्दी-खोकले ही काही प्रतिकारशक्ती कमी असल्याची खूण नव्हे, तो अभ्यासक्रमच आहे. त्यामुळे दोन ते दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मानेवरून बोट फिरवलं आणि वाटाण्याएवढ्या, रबरासारख्या, बोटाखाली सरकणाऱ्या दोन-चार गाठी लागल्या, तर ते मूल धडधाकट असण्याचीच शक्यता जास्त. मानेत साधारण एक सेंटिमीटरपर्यंत आणि जांघेत दीडपर्यंत डॉक्टर लोक फारसं मनावर घेत नाहीत. मुलांमध्ये या ऊतींचं प्रमाणच मोठ्यांपेक्षा जास्त असतं, वयात आल्यावर ते ओसरतं. टॉन्सिलचंही तसंच.

आणि अवधाणाचा नियम मानेलाही लागू पडतो. मानेच्या मागे, कवटी संपते तिथे गाठ आहे? केस विंचरून बघा. उवा, खाजवून झालेल्या जखमा, खवडे, घामोळ्यातून आलेली पुटकुळी. आपल्या दमट हवेत एप्रिल-मे महिन्यात, आणि दोन घट्ट वेण्या घालून शाळेत जाणाऱ्या मुलींमध्ये, हे इतकं सर्रास असतं की निम्म्या घाबरलेल्या आयांचं काम फणी आणि उवांच्या औषधावर भागावं. पण हे सांगायचं कसं? 'तुमच्या मुलीच्या डोक्यात उवा आहेत' हे ऐकून घेणं 'तिला स्कॅन सांगितलाय' हे ऐकण्यापेक्षा अवघड जातं लोकांना. जबड्याखाली गाठ आहे? तोंड उघडायला लावा, किडलेली दाढ दिसेल. दुधाचे दात काय, पडणारच आहेत, म्हणून आपण ते सोडून देतो, आणि त्या सोडून दिलेल्या दाढेचा हिशोब जबड्याखालची ग्रंथी महिनोन्महिने करत बसते. मांजरीने ओरखडलं की काखेत किंवा मानेत गाठ येते, तीही काही आठवडे टिकते. जन्मानंतर डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. त्यानंतर काही महिन्यांत डाव्या काखेत छोटी गाठ आलेली दिसली तर ती बहुधा लसीचीच. लहान आणि न पिकलेली असेल तर तिला काहीही करावं लागत नाही, टीबीच्या गोळ्या तर नाहीच नाहीत. पिकली तर डॉक्टर सुईने पू काढून घेतात.

आता सोनोग्राफी. मूल शाळेत जायच्या वेळी पोट दुखतंय म्हणतं. आपण जातो. खरं तर असं येऊन-जाऊन दुखणारं पोट, मूल खातंय-पितंय-खेळतंय, वजन वाढतंय, तर त्याच्या बद्धकोष्ठाची आणि शाळेची चौकशी आधी करायला हवी. पण आई-वडिलांनाच चैन पडत नाही आणि दवाखान्यातही वेळ नसतो. कागद येतो: पोटात अनेक मेसेंटेरिक लिम्फ नोड्स, सर्वांत मोठा अमुक मिलिमीटर. घरी फोन जातो, "पोटात गाठी निघाल्या." गाठी 'निघाल्या' म्हणजे जणू आजवर नव्हत्या! सोनोग्राफीची मशिनं सुधारली म्हणून त्या दिसायला लागल्या, एवढंच. आठ-दहा मिलिमीटरपर्यंतच्या अशा ग्रंथी निरोगी मुलांच्या पोटातही दिसतात, आणि साध्या विषाणूच्या तापानंतर तर हमखास. पण कागदावर छापलेल्या शब्दाला आपल्याकडे फार वजन. मग अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग 'जरा स्ट्राँग' असा दुसरा, मग पुन्हा सोनोग्राफी. गाठी आहेत तशाच. (असणारच. त्या कुठे जाणार?) आणि मग कोणीतरी तो शब्द उच्चारतं.

टीबी.

इथे मला जरा सविस्तर लिहायचंय. टीबी आपल्याकडे खरा आहे, भरपूर आहे, आणि मुलांमध्ये तो फुफ्फुसाबाहेर होतो तेव्हा मानेच्या ग्रंथी ही त्याची आवडती जागा. आपल्या भाषेतली गंडमाळ ती हीच: मानेत एकीला एक चिकटलेल्या गाठींची माळ, फारशा न दुखणाऱ्या, हळूहळू वाढणाऱ्या, शेवटी मऊ होऊन फुटणाऱ्या आणि वाहत राहणाऱ्या. हे नाव ठेवणाऱ्याने चांगलं बघितलं होतं. तेव्हा टीबीची शंका घेणं यात काहीच वावगं नाही. माझा आक्षेप आहे तो शंका आणि औषध यांच्यामध्ये काहीच न करण्यावर.

"ईएसआर वाढलाय, मॅन्टू पॉझिटिव्ह आहे, सहा महिने गोळ्या देऊन बघू." हे वाक्य मी एवढ्या जणींकडून ऐकलंय! ईएसआर कुठल्याही जंतुसंसर्गात वाढतो. मॅन्टू एवढंच सांगते की टीबीचा जंतू या मुलाला कधीतरी भेटलाय, आणि आपल्या लोकल गाड्या आणि चाळी-इमारती बघता तो कोणाला भेटला नसेल? शंका खरी असेल तर गाठीतच सुई घालून बघायला हवं. सुईने थोडा द्रव काढतात, एरवी रक्त काढतात त्यापेक्षा फार वेगळं नाही ते. तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि त्याचीच सीबीनॅट चाचणी करतात. सीबीनॅट टीबीचा जंतू आहे का हे तर सांगतेच, शिवाय तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो का, हेही काही तासांत सांगते. मुंबई परिसरात राहणाऱ्यांना हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. २०१२ च्या सुरुवातीला हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडियांनी कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे मुंबईतले रुग्ण जगासमोर आणले तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. असा जंतू असलेल्या मुलाला नेहमीच्या गोळ्या सहा महिने 'देऊन बघणं' म्हणजे सहा महिने वाया घालवणं. रक्तातून टीबी ओळखण्याच्या ज्या अँटिबॉडी चाचण्या लॅबवाले सर्रास करत, त्यांच्यावर सरकारने २०१२ साली बंदी घातली, कारण त्या भरवशाच्या नव्हत्या. एवढ्या वर्षांत एवढं तरी आपल्या अंगवळणी पडायला हवं होतं की टीबी 'वाटतो' म्हणून द्यायची ही औषधं नव्हेत.

शिवाय 'देऊन बघू' मध्ये बघणार काय? टीबीच्या गाठी औषध चालू झाल्यावर सुरुवातीला मोठ्या होऊ शकतात, एखादी नवीनही येऊ शकते, आणि कोर्स संपल्यावरही छोटी गाठ राहू शकते. म्हणजे गाठ वाढली तरी औषध चुकलं असं नाही. उलट साध्या विषाणूची गाठ सहा महिन्यांत आपली आपण बसते, आणि श्रेय गोळ्यांना जातं. त्या घरात कायमचं नोंदलं जातं की आमच्या मुलाला लहानपणी टीबी झाला होता. आणि तिसरी शक्यता सगळ्यांत वाईट. गाठ लिम्फोमाची होती, आणि टीबी समजून महिने गेले. असे रुग्ण कर्करोगतज्ज्ञांना अजिबात नवे नाहीत. मुलांमधला हॉजकिन लिम्फोमा हा वेळेत उपचार झाले तर बहुतांश बरा होणारा कर्करोग आहे. तिथे वेळ घालवणं अधिकच जिव्हारी लागतं.

याच संदर्भात एक गोष्ट ठळक अक्षरात लिहायला हवी. गाठ 'बसवायला' म्हणून कोणी स्टिरॉइडचं गोड सिरप देत असेल तर तपासणी होईपर्यंत ते देऊ नका. स्टिरॉइडने लिम्फोमाची आणि रक्ताच्या कर्करोगाची गाठसुद्धा काही दिवस छान बसते. सगळे खूश होतात. मग ती परत येते, आणि तोवर बायोप्सीत नेमकं निदान करणं अवघड होऊन बसलेलं असतं.

मग कुठल्या गाठीला थांबायचं नाही? गळपट्टीच्या हाडाच्या वर, खळग्यात लागणारी गाठ कितीही छोटी असो, ती दाखवायचीच. दोन सेंटिमीटरच्या वर गेलेली, दगडासारखी टणक, बोटाखाली न हलणारी. चार-सहा आठवडे झाले तरी कमी न होता वाढतच चाललेली. गाठीबरोबर मूल पांढरं पडलंय, अंगावर निळे-जांभळे डाग उठताहेत, रात्री घामाने उशी भिजतेय, वजन उतरतंय, झोपताना धाप लागतेय. आणि पाच दिवस उतरत नाही असा ताप, लाल डोळे, लाल फुटलेले ओठ आणि मानेच्या एका बाजूला मोठी गाठ असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी. त्या कावासाकी नावाच्या आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो आणि त्याचं औषध पहिल्या दहा दिवसांत गेलेलं बरं. बाकीच्या गाठींना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघू म्हणणारा डॉक्टर तुम्हाला टाळत नसतो, तो त्याचं काम नीट करत असतो. पण आपल्याला 'काही दिलं नाही' असा डॉक्टर आवडत नाही. हा दोष सगळा दवाखान्यांचा नाही, थोडा आपलाही.

टीबी ठरला तर? तर लपवू नका. आणि इथे मी आपल्या सुशिक्षित घरांना जास्त बोल लावेन. सुई-तपासणीत टीबी निघाला की पहिला प्रश्न "बरा होईल ना" हा नसतो, "कोणाला कळणार नाही ना" हा असतो. मुलगी असेल तर आठ वर्षांच्या पोरीच्या लग्नाचा विचार त्या खोलीत येऊन बसतो! ग्रंथींचा टीबी एकट्या ग्रंथींतच असेल तर तो खोकल्यातून पसरत नाही. त्या मुलाने शाळेत जायला, डबा वाटून खायला काहीच हरकत नाही. उलट विचारायचं ते असं की मुलाला हा जंतू दिला कोणी? घरातल्या, शेजारच्या कुठल्या तरी मोठ्या माणसाचा खोकला आहे तो. तो शोधून त्याच्यावर उपचार झाले नाहीत तर धाकट्याचा नंबर ठरलेला. लपवल्यावर हेच राहून जातं. टीबीची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि त्यात रुग्णाचंच भलं आहे: औषधं मोफत, आणि पोषणासाठी बँक खात्यात महिन्याला पैसे. २०१८ साली ते पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयाची किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगरची पायरी चढायला लाज वाटणारी मंडळी मी पाहिली आहेत. मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या, वजनानुसार द्यायच्या गोळ्या असतात. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली की घाबरायचं नाही, ते रिफाम्पिसिन. २०२५ पर्यंत देशातला टीबी संपवायचा असं उद्दिष्ट होतं. ते काही साधलं नाही, आणि लपवाछपवीचा त्यात हात नाही असं कोणी म्हणू नये.

गाठ लपवण्याचा हा संस्कार आला कुठून? मला नेहमी वाटतं त्याची एक मुळी कल्याण स्टेशनावर सापडेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. माणसं मुंबई सोडून पळायला लागली. पुण्याकडचा आणि नाशिककडचा लोहमार्ग जिथे फुटतो ते कल्याण, तेव्हा तपासणीचा नाकाच तिथे बसला. गाड्या थांबवून, उतारूंना खाली उतरवून, काखा-जांघा-मान चाचपून बघायचे. गाठ म्हणजे छावणी. छावणी म्हणजे बहुधा परत येणं नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला (हाच कायदा २०२० साली कोरोनात पुन्हा बाहेर काढला होता), पुण्यात घराघरांत सोजीर शिरले, आणि जूनमध्ये रँडचा खून झाला. पुढचं सगळं आपण शाळेत शिकलोय. तेव्हाच्या बायकांनी मुलांच्या गाठी पदराखाली लपवल्या असतील तर त्यांना कोण नावं ठेवणार?

पण त्याच वर्षाची दुसरी एक गोष्ट आहे. पुण्याजवळ मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेगची गाठ आली. सावित्रीबाई फुल्यांनी त्याला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात नेलं. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा ना प्लेगवर औषध होतं ना सीबीनॅट. आपल्याकडे दोन्ही आजारांवर औषधं आहेत, सुई आहे, स्टेशनाजवळ लॅब आहे, आणि आपण मुलाची गाठ सोसायटीपासून लपवतो.

असो. भावनेच्या भरात गालगुंड राहून जायला नको. गालगुंड, गालफुगी, मम्प्स. ही लसिका ग्रंथी नव्हेच, कानाच्या पुढची लाळग्रंथी सुजते, कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते. आंबट खाल्लं की कळ येते. २०२४ च्या सुरुवातीला केरळसह देशात बऱ्याच ठिकाणी याचे रुग्ण वाढले होते. बहुतेक मुलं आठवडा-दहा दिवसांत बरी होतात, पण काहींना मेंदूच्या आवरणाला सूज येते, क्वचित एका कानाचं ऐकणं जातं, आणि वयात आलेल्या मुलांना अंडकोशाची सूज येते. याला लस आहे, जुनी, चांगली आणि स्वस्त. गोवर-गालगुंड-रुबेला तिन्हींची मिळून एक. बालरोगतज्ज्ञांची संघटना ती द्या म्हणते. सरकारी लसीकरणात मात्र गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली, शाळाशाळांतून मुलांना टोचलं, तेव्हाच हे तिसरं अक्षर त्यात घातलं असतं तर? गालगुंडाने मुलं फारशी मरत नाहीत, हे सरकारचं गणित मला कळतं. पण डोंबिवलीत खासगीत पैसे मोजून लस घेणाऱ्याचा कान वाचावा आणि पलीकडे झोपडपट्टीत आरोग्यकेंद्रात टोचून घेणाऱ्याचा वाचू नये, हे गणित मला पटत नाही.

आता ज्या सुजा मानेवर नसतात त्यांच्याबद्दल. दोन ते सहा वर्षांचं मूल सकाळी उठतं ते डोळे सुजलेले. संध्याकाळपर्यंत उतरतात, मग पाय सुजल्यासारखे वाटतात. आपण म्हणतो मोबाईल बघतो फार, डास चावला असेल, ॲलर्जी आहे. ॲलर्जीचं सिरप आठवडाभर चालतं. कोणीही मान चाचपत बसत नाही, कारण गाठच नाही. पण हा नेफ्रोटिक सिंड्रोम असू शकतो. मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात आणि अंगात पाणी साठतं. त्याची पहिली तपासणी म्हणजे लघवीत प्रथिनं आहेत का बघणं. गल्लीतल्या लॅबमध्ये सोनोग्राफीच्या पैशांच्या एका छोट्या तुकड्यात होते ती. बहुतेक मुलं औषधाला चांगली दाद देतात. तीच स्टिरॉइडं, पण इथे ती निदान झाल्यावर दिलेली.

आणि पायांची सूज. आपण ज्याला ठाणे जिल्हा म्हणत मोठे झालो, त्यात जव्हार-मोखाडाही होता. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा त्या बातमीवर 'जिल्हा ठाणे' असंच छापलेलं होतं. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हाडं दिसणारी मुलं येतात, ती सुकटी. दुसरा प्रकार सुजवटी. त्यात मूल गुटगुटीत दिसतं. चेहरा भरलेला, पाय गोल, केस विरळ आणि तांबूस. काट्यावर उभं केलं तर वजनही फार वाईट भरत नाही, कारण त्यात पाण्याचं वजन असतं. आकड्यांच्या रकान्यात हे मूल सहज चांगल्या बाजूला जाऊन बसतं. म्हणून अंगणवाडीत वजनाबरोबर दंडाचा घेर मोजायचा असतो आणि पाय दाबून बघायचे असतात. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबायचं आणि अंगठा उचलायचा. खड्डा राहिला तर वजन कितीही असो, ते मूल अतितीव्र कुपोषित धरायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं.